ग्रिम फँडँगो: समीक्षकांनी काय पाहिलं, काय निसटलं

१९९८ साली गेमस्पॉट या गेम-परीक्षणांच्या संकेतस्थळाने वर्षातला सर्वोत्तम पीसी गेम म्हणून 'ग्रिम फँडँगो'ची निवड केली. त्याच वर्षी 'हाफ-लाइफ' हा गाजलेला गेम आला होता हे लक्षात घेतलं तर या निवडीचं वजन कळतं. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर आजही या गेमची सरासरी १०० पैकी ९४ दिसते. आणि तरीही विक्रीची आकडेवारी गोळा करणाऱ्या पीसी डेटाच्या नोंदींनुसार २००३ पर्यंत उत्तर अमेरिकेत त्याच्या साधारण ९५ हजार प्रतीच विकल्या गेल्या. त्यामुळे या गेमबद्दल बोलताना गाडी नेहमी याच रुळावर जाते: समीक्षकांनी डोक्यावर घेतला, लोकांनी विकत घेतला नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो या परीक्षणांतल्या तक्रारींचा भाग. बहुतेकांनी बोट ठेवलं ते हाताळणीवर, म्हणजे पात्र चालवण्याच्या पद्धतीवर. कोड्यांबद्दलची कुरकुर एखाद्या वाक्यात उरकलेली असे. २०१५ च्या रीमास्टर्ड आवृत्तीत हाताळणी सुधारली, माउसने टिचकी मारून खेळता येऊ लागलं. कोडी मात्र जशीच्या तशी राहिली. आज जो कोणी हा गेम पहिल्यांदा उघडतो तो चालण्यापाशी अडखळत नाही, कोड्यापाशी अडतो. म्हणून जुन्या परीक्षणांवर विसंबून खेळायला बसलात तर ती तुम्हाला चुकीच्या जागी सावध करतील.

आधी गेमची ओळख थोडक्यात. लुकासआर्ट्स कंपनीने ३० ऑक्टोबर १९९८ ला अमेरिकेत तो बाजारात आणला. दिग्दर्शन आणि लेखन टिम शेफर यांचं, संगीत पीटर मॅककॉनेल यांचं. गोष्ट मृतांच्या जगात घडते. मॅनी कालावेरा हा सांगाडा 'मृत्यू खात्या'त प्रवास एजंट आहे. नुकत्याच मेलेल्या माणसाला आणायचं, त्याचं पुण्य किती ते पाहायचं आणि त्याप्रमाणे पुढच्या प्रवासाचं तिकीट द्यायचं, हे त्याचं काम. पुण्य भरपूर असेल तर 'नंबर नाइन' नावाची गाडी चार मिनिटांत नवव्या अधोलोकात पोहोचवते. पुण्य नसेल तर तोच रस्ता पायी चार वर्षांचा. चित्रगुप्ताची वही, वैतरणी, दहाव्याचा पिंड हे ज्यांच्या कानावरून लहानपणापासून गेलं आहे, त्यांना ही रचना समजावून द्यावी लागत नाही. फरक इतकाच, की इथे वही लिहिणाऱ्यांपैकीच कुणीतरी पुण्यवान माणसांची तिकिटं चोरून विकतो आहे, आणि मेचे नावाच्या एका सज्जन बाईला तिच्या हक्काचं तिकीट मिळत नाही. गोष्ट चार वर्षांत विभागलेली आहे आणि दर वर्षाची सुरुवात मेक्सिकोतल्या 'मृतांच्या दिवशी' होते.

दिसायला तो आजही अप्रतिम आहे, आणि याबाबत समीक्षकांचं चुकलं नव्हतं. मेक्सिकन कागदी लगद्याच्या सांगाड्यांच्या बाहुल्या, १९४० च्या दशकातल्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांची प्रकाशयोजना आणि आर्ट डेको इमारती यांचा मेळ त्यात आहे. मरीन ड्राइव्हवरच्या गोलाईच्या गॅलऱ्या किंवा इरॉसची इमारत रोज पाहणाऱ्या मुंबईकराला गेममधल्या रुबाकावा शहरातल्या रेषा ओळखीच्या वाटतील. चेहरे साधे ठेवण्यात तांत्रिक शहाणपणही होतं. १९९८ च्या त्रिमितीय तंत्रात माणसाचा चेहरा मेणासारखा दिसायचा. कवटीवर डोळ्यांची भोकं आणि दातांच्या रेषा चितारल्या की तेवढ्यात भाव उमटतो. म्हणून त्या काळातले इतर त्रिमितीय गेम आज बघवत नाहीत, आणि हा बघवतो.

आता हाताळणी. लुकासआर्ट्सच्या आधीच्या साहसी गेममध्ये, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेण्याच्या गेममध्ये, पडद्यावर कर्सर असे, वस्तूवर नेला की तिचं नाव दिसे. 'ग्रिम फँडँगो'ने कर्सर काढून टाकला. मॅनीला कीबोर्डने किंवा जॉयस्टिकने चालवायचं, आणि एखादी कामाची वस्तू जवळ आली की तो मान वळवून तिच्याकडे पाहायचा. तेवढाच इशारा. खिशातल्या वस्तूंची यादी नव्हती. मॅनी कोटात हात घालून एकेक वस्तू बाहेर काढून दाखवायचा. वस्तू दहाबारा झाल्या की हवी ती सापडेपर्यंत हात दुखायचा.

खरी पंचाईत कॅमेऱ्याची होती. ग्राइम नावाच्या नव्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पात्रं त्रिमितीय होती, पण मागची दृश्यं आधीच रेंडर केलेली स्थिर चित्रं होती. त्यामुळे प्रत्येक जागेला ठरावीक कोन, आणि मॅनी चित्राच्या कडेपाशी गेला की कोन एकदम बदलायचा. आता दोन पर्याय होते. एकात वरचं बटण म्हणजे 'मॅनीच्या तोंडासमोर', डावं-उजवं म्हणजे जागेवर वळणं. यालाच रणगाड्याची हाताळणी म्हणतात. कोन बदलला तरी मॅनी सरळच चालत राहतो, पण वळायला वेळ लागतो आणि तो भिंती-टेबलांना घासत राहतो. दुसऱ्यात वरचं बटण म्हणजे 'पडद्याच्या वरच्या बाजूला'. हे सोपं वाटतं, पण कोन उलटा झाला की त्याच बटणाने मॅनी आला तिकडेच परत जातो, पुन्हा कोन बदलतो, पुन्हा उलटा. दारात अडकलेला मॅनी हे दृश्य त्या काळच्या खेळाडूंच्या पक्कं लक्षात आहे. समीक्षकांची तक्रार रास्त होती, फक्त ती तेवढ्यावर थांबली.

२०१५ मध्ये शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने माउसची हाताळणी आणली तिचा पाया एका चाहत्याने मूळ गेमसाठी बनवलेला मॉड, म्हणजे गेममध्ये केलेला फेरबदल, होता. संगणकावर खेळणार असाल तर हीच पद्धत निवडा. टिचकी मारली की मॅनी चालत जातो, आणि वस्तूंची पेटी एका पडद्यावर उघडते. कंट्रोलर असेल तर पडद्याच्या दिशेने चालणारी पद्धत घ्या, आणि कोन बदलल्यावर काठी सोडून पुन्हा धरा. रणगाड्याची पद्धत मूळ अनुभव हवा असणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. पण एक सांगायला हवं. माउस हातात आला की आपण मॅनीच्या मानेकडे पाहणं सोडतो. मूळ रचनेत ती मान हेच खेळाडूचं बोट होतं. माउसने खेळतानाही नव्या जागी शिरल्यावर मॅनीला एकदा कडेकडेने चालवून आणा. तो कुठे पाहतो ते बघा. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या वस्तू यामुळे सुटत नाहीत.

आता कोड्यांकडे. इथून पुढे काही उत्तरं उघड होतील. ज्यांना पाटी कोरी ठेवून खेळायचं आहे त्यांनी पुढचे पाच परिच्छेद सोडून द्यावेत.

पहिल्या वर्षातलं हवेच्या नळीचं कोडं हे चांगल्या बांधणीचं उदाहरण आहे. खात्यात ग्राहकांचे निरोप हवेच्या दाबाने नळीतून येतात, आणि चांगले ग्राहक नेहमी मॅनीचा सहकारी डॉमिनो याच्या टेबलावर पोहोचतात. त्यातला एक निरोप अडवायचा आहे. उत्सवाच्या रस्त्यावर फुगेवाला विदूषक आहे. तो आकार करून देतो, पण आपल्याला हवा न भरलेला साधा फुगा हवा, ज्याला तो 'मेलेला किडा' म्हणतो. असे दोन घ्यायचे. पॅकिंगच्या खोलीत दोन तोट्या आहेत, दोन वेगळ्या द्रवांच्या. ही दोन्ही द्रवं एकत्र आली की फुगून फेस होतो. एक फुगा एका द्रवाने भरायचा, दुसरा दुसऱ्याने, आणि दोन्ही आपल्या नळीत टाकायचे. आत फुटून फेस होतो, यंत्रणा तुंबते, आणि दुरुस्तीवाला यंत्रखोलीचं दार उघडतो. तो निघण्याआधी दाराची कडी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही. मग आत जाऊन नळीच्या यंत्रात खेळायचा पत्ता ठेवायचा. पत्ता तसाच ठेवला तर हवा अडते, म्हणून आधी खात्यातली सेक्रेटरी इव्हा हिच्या टेबलावरच्या पंचिंग मशीनने त्याला भोक पाडायचं. हवा भोकातून जाते, निरोपाची नळकांडी अडकते.

यातली प्रत्येक पायरी त्या जगाच्या नियमांतून येते, आणि चुकलात तर का चुकलात ते कळतं. दुसऱ्या वर्षातलं नारांहाच्या बिल्ल्याचं कोडं तर याहून सरस. एका खलाशाची जहाजावरची जागा मॅनीला हवी आहे. शवागारात एक ओळख न पटलेलं प्रेत आहे, आणि तिथला डॉक्टर मेम्ब्रियो धातुशोधकाने प्रेत तपासतो. दारूच्या धुंदीत असलेल्या नारांहाच्या गळ्यातला बिल्ला काढून त्या प्रेतावर टाकला की कागदोपत्री नारांहा मेला. इथे कोडं सोडवणं म्हणजेच गोष्ट पुढे सरकणं, आणि मॅनी किती घसरला आहे तेही त्याच कृतीतून दिसतं. साहसी गेम याच कामासाठी असतो असं मला ठामपणे वाटतं.

याच्या उलट, अश्मीभूत जंगलातला दिशादर्शक खांब. तो उचलता येतो आणि दुसरीकडे रोवता येतो. रोवला की त्याचा बाण एका दिशेला वळतो. त्या दिशेने जायचं, पुन्हा रोवायचा, असं करत करत ठरावीक जागी तो रोवला की लपलेली वाट उघडते. कल्पना सुंदर आहे. दोष असा की खांब उचलता येतो हेच आधी कळत नाही, आणि योग्य जागा जवळ येते आहे याची खूण फक्त बाणाच्या दिशेतल्या बदलात आहे. खेळाडू एकदा रोवतो, काही घडत नाही, आणि 'हा मार्ग चुकला' असं समजून सोडून देतो. उपाय साधा आहे: बाण ज्या दिशेला दाखवतो तिकडे थोडंच चाला, मग रोवा. बाण उलट फिरला तर जागा ओलांडलीत.

त्याच जंगलातले जळते बीव्हर वेगळ्या कारणाने छळतात. हाड फेकलं की बीव्हर उडी मारतो. तो हवेत असतानाच अग्निशामक चालवायचं. कल्पना बरोबर सुचली तरी अर्ध्या सेकंदाने चुकलात तर काहीच होत नाही, आणि मग कल्पनाच चुकीची वाटू लागते. काय करायचं ते ओळखणं आणि ते वेळेवर करणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. त्या एकत्र बांधल्या की अपयशाचं कारण झाकलं जातं. म्हणून हाड फेकण्याआधी अग्निशामक हातात येईल अशी तयारी करून ठेवा, आणि निदान चार-पाच वेळा प्रयत्न केल्याशिवाय कल्पना टाकून देऊ नका.

या दोन्ही दोषांची बेरीज म्हणजे रुबाकावातली फोर्कलिफ्ट. मांजरांच्या शर्यतीच्या मैदानाखालच्या तळघरात मालाची लिफ्ट आहे, आणि दोन मजल्यांच्या मध्ये एक लपलेली जागा. फोर्कलिफ्ट लिफ्टमध्ये घालायची, लिफ्ट सुरू करायची, पटकन गाडीवर बसायचं आणि ती जागा समोरून जात असताना गाडी पुढे दाबून लिफ्ट अडवायची. मधल्या जागेची खूण क्षणभरच दिसते, आणि तशी जागा असेल असा संशय येण्याजोगं फारसं काही आधी घडत नाही. मूळ आवृत्तीत भर म्हणजे वेगवान प्रोसेसरवर लिफ्टची वेळ चुकायची, म्हणजे बरोबर केलं तरी जमायचं नाही. आज करताना फोर्कलिफ्टचे दात आधीच उघड्या बाजूकडे वळवून ठेवा. पहिल्या फेरीत काहीच करू नका, फक्त फट कुठे येते ते पाहा. दुसऱ्या फेरीत दाबा.

मग ९४ गुण कसे मिळाले? मला यात लबाडी दिसत नाही. परीक्षण मुदतीत लिहायचं असतं, आणि वाचकाला गेमचं एकूण मोल सांगायचं असतं. शिवाय १९९८ चा वाचक अशा गेममध्ये आठवडाभर अडकून राहणं हा गेमचाच भाग मानत होता. कोड्यांच्या तर्कावर जाहीर आणि कठोर टीका पुढे आली, तीही वेगळ्याच गेमवर. 'गेब्रिएल नाइट ३' मध्ये मोटरसायकल भाड्याने घेण्यासाठी मांजराचे केस मेपल सिरपने चिकटवून मिशी करायची, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नसते म्हणून त्याच्या पासपोर्टवरही मिशी काढायची. २००० साली एरिक वोलपॉ यांनी 'ओल्ड मॅन मरे' या संकेतस्थळावर या कोड्याची पायरीपायरीने चिरफाड केली, आणि साहसी गेम स्वतःच्या हाताने मेले असा निष्कर्ष काढला. पुढे हेच वोलपॉ डबल फाइनमध्ये 'सायकोनॉट्स' या गेमच्या लेखनात शेफर यांच्याबरोबर होते. समीक्षकाने सांगितलेला दोष त्याच क्षेत्रात जाऊन दुरुस्त करायला घेण्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

रीमास्टर्ड आवृत्ती २७ जानेवारी २०१५ ला आली. तिची परीक्षणं मूळ गेमपेक्षा जास्त उपयोगाची आहेत, कारण त्यांत कोड्यांबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं सापडतं. सरासरी गुण ऐंशीच्या आसपास उतरले. स्तुती झाली ती संगीताची. मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राने ते नव्याने वाजवलं आहे आणि जॅझचे तुकडे हेडफोनवर वेगळेच खुलतात. पात्रांवरचा प्रकाश आणि सावल्या नव्या आहेत, एका बटणाने जुनं-नवं रूप पालटून पाहता येतं. मागची चित्रं मात्र मूळचीच आहेत, ४:३ आकारात. रुंद पडद्यावर ताणण्याचा पर्याय आहे, तो वापरू नका. सांगाडे बुटके दिसतात आणि आर्ट डेकोच्या उभ्या रेषांचा डौल जातो. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

टीका झाली ती ऑटोसेव्ह नसण्यावर. या गेममध्ये मॅनी मरत नाही, आणि एखादी वस्तू मागे राहिली म्हणून पुढे कायमचं अडकायलाही होत नाही. त्यामुळे सेव्ह करण्याची आठवणच होत नाही. आणि मग गेम मध्येच बंद पडला की दोन तास गेले. प्रत्येक नवीन जागी शिरल्यावर आणि प्रत्येक लांब संवादानंतर हाताने सेव्ह करा, दोन-तीन वेगळ्या खणांत.

फोनची आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. लोकलमध्ये खेळायला हा गेम सोयीचा आहे, कारण कुठलीही घाई नाही आणि इंटरनेट लागत नाही. विरारहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळाली तर एक-दोन कोडी आरामात होतात. पण रुबाकावातली अंधारी दृश्यं छोट्या पडद्यावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, दिसत नाहीत. ब्राइटनेस वाढवा, सबटायटल चालू ठेवा. वेळेवर बटण दाबायची कोडी, म्हणजे बीव्हर आणि फोर्कलिफ्ट, घरी बसून करा. स्टोअरमधून विकत घेण्याआधी आपल्या फोनच्या मॉडेलवर ॲप चालतं का ते अलीकडच्या अभिप्रायांत पाहून घ्या.

कुणाकडे लॅमिंग्टन रोडच्या जमान्यातल्या मूळ दोन सीडी अजून असतील तर त्या टाकू नका. स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅममध्ये मूळ गेम चालतो. दोन्ही सीडींवरच्या 'लॅब' प्रकारच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये उतरवायच्या, त्याच फोल्डरमध्ये लुकासआर्ट्सच्या १.०१ पॅचची, म्हणजे दुरुस्तीची, फाइल तशीच ठेवायची, आणि स्कमव्हीएमला तो फोल्डर दाखवायचा. बहुतेकांची गाडी अडते ती दुसरी सीडी उतरवायची राहिल्याने. सुरुवात नीट होते आणि पुढे गेल्यावर गेमला फाइल सापडत नाही.

अडलात तर थेट पूर्ण उत्तरपत्रिका उघडू नका. युनिव्हर्सल हिंट सिस्टम या संकेतस्थळावर या गेमसाठी टप्प्याटप्प्याने इशारे आहेत. एक टिचकी मारली की एकच ओळ दिसते, आधी नुसतं बोट दाखवणारी, मग हळूहळू उघड करणारी. वर सांगितलेल्या तीन कोड्यांना हे लगेच वापरा. नळी आणि बिल्ल्यासारख्या कोड्यांना मात्र एक रात्र द्या.

दुसऱ्या वर्षी एकदम मोठं शहर मोकळं होतं आणि काय करायचं तेच कळेनासं होतं. अशा वेळी गोदीवरच्या वेलास्कोशी पुन्हा बोला. जहाजावर चढायला तीन गोष्टी लागतात: मॅनीचा ड्रायव्हर ग्लॉटिस याच्यासाठी युनियनचं कार्ड, त्याच्यासाठी अवजारं, आणि नारांहाची रिकामी झालेली जागा. तिन्ही धागे एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे आहेत. एक अडला की दुसरा धरा. कागदावर तीन रकाने आखून प्रत्येकाखाली कोण भेटलं आणि काय मिळालं ते लिहीत गेलात, तर रुबाकावातला बराचसा गोंधळ सुटतो आणि ब्लू कास्केट या क्लबमध्ये बसून कविता ऐकायलाही वेळ उरतो.

एकदा संपवल्यावर दुसऱ्यांदा खेळताना रीमास्टर्ड आवृत्तीतली निर्मात्यांची टिप्पणी चालू करा. ठरावीक जागी खूण दिसते, दाबली की ती खोली कशी बनली ते बनवणारेच सांगतात.